चौथा पेरू

बाटली गाळणीतून ओतून झाली, गाळ पांढऱ्या ताटलीत पसरला, आणि चिमट्यानं मुंग्या एका कडेला सारता सारता ओतिलिया बेरूमेनला ती दिसली. उताणी पडलेली, घरमाशीपेक्षा जराशी मोठी, पण अंगाचा रंग मधासारखा. एक पंख फाटून लोंबत होता. दुसरा शाबूत होता आणि त्यावर पिवळसर तपकिरी पट्टे छपराच्या वाशांसारखे एकमेकांना टेकलेले होते. मागं शेपटासारखी लांब नळी होती, फळाच्या सालीत खुपसून अंडी घालायची. ओतिलियाला प्रथम भीती वाटलीच नाही. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्यांच्या ओळखीचं नसलेलं माणूस शांतपणे जेवत बसलेलं दिसावं, तसं तिला वाटलं. एकोणीस वर्षं ती या उंच स्टुलावर बसून फ्रेस्नोच्या परसांतल्या सापळ्यांचा गाळ निवडत होती. काचेच्या घंटेसारख्या बाटल्या, त्यात यीस्टच्या गोळ्या विरघळवलेलं पाणी. आठवड्यातून एकदा त्या रिकाम्या होऊन इथं यायच्या. चिलटं, मधमाश्या, हिरव्या जाळीदार पंखांचे किडे, पतंग, एखादी चुकार गांधीलमाशी. आंबलेल्या पिठाचा वास तिच्या केसांत इतका मुरला होता, की दुकानातल्या रांगेत कुणी वळून बघितलं तर ती आपणहून म्हणायची, “बेकरीत नाही हो मी.” या सगळ्या वर्षांत अशी मधाच्या रंगाची पाहुणी, बागा नासवणारी परमुलखातली फळमाशी, तिला चारदा सापडली होती. ही पाचवी. तिनं झाकणावरची चिठ्ठी वाचली. झाड : पर्सिमन. पत्ता : ११४३, बेल्मार रस्ता. मग तिनं चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा वाचली. ती स्वतः ११४८मध्ये राहत होती.

नियम असा होता, की संशय आला की हात जागच्या जागी थांबवायचा आणि ग्लेनला हाक मारायची. ग्लेन अवाकियन प्रयोगशाळेचा प्रमुख होता, पलीकडच्याच खोलीत बसायचा, दार कायम उघडं. ओतिलियानं हाक मारली नाही. समोरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते. खिडकीबाहेर पार्किंगच्या पलीकडं ऑक्टोबरचं पिवळं ऊन आणि वाळत घातलेल्या द्राक्षांची धूळ. आतून कुणीतरी सावकाश गोष्ट सांगावी तसं तिला सगळं क्रमानं आठवत गेलं. सीमेपलीकडच्या गावाहून आलेल्या चायोची, मोठ्या बहिणीची, दारातली मिठी. तिची ती निळी हँडबॅग, जी तिनं विमानतळापासून घरापर्यंत एकदाही हातातून सोडली नव्हती. स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर चायोनं बॅगेतून लोकरी मोज्यांची जोडी काढली, आणि प्रत्येक मोज्यातून दोन, असे चार पेरू टेबलावर ठेवले. “ओरडू नकोस,” चायो म्हणाली होती, “आईच्या झाडाचे आहेत.” ओतिलिया ओरडायला तोंड उघडणारच होती. कितीदा तरी ती शाळांतून बोलली होती. चर्चच्या जत्रेत तिनं टेबल मांडून पत्रकं वाटली होती – बाहेरून फळं आणू नका, अळी यायला एक फळ पुरेसं असतं. पण तोंड उघडलं आणि त्यात वास शिरला. मिचोआकानमध्ये, सिताक्वारोच्या वरच्या अंगाला, आईच्या घरामागच्या उताराचा वास. सहा वर्षांची ओतिलिया आणि तिच्या फ्रॉकच्या ओच्यात पेरू, आणि खालून आईची हाक. त्यानंतर वडील इकडं पीचच्या बागांत कामाला आले, मागोमाग सगळे आले, आणि पीचच्या लुसलुशीत सालीला तिच्या हातांनी कधी मनापासून माया लावली नाही. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. झाड मात्र उभं होतं आणि फळत होतं. तिनं एक पेरू खाल्ला. मग दुसरा. तिसरा चायोनं खाल्ला. चौथ्याला देठाजवळ बोटाएवढा मऊ तपकिरी डाग होता.

तो डाग तिला आता ताटलीतल्या माशीपेक्षा स्वच्छ दिसत होता. त्या दिवशी सुरीनं तिनं तेवढा भाग कापला, परसात गेली, आणि लिंबाच्या झाडामागं पालापाचोळा कुजत घातला होता त्यात तो फेकून दिला. फेकताना तिनं मान दुसरीकडं वळवली होती. हेच तिला खुपत होतं. चूक कुणाच्याही हातून होते. तिनं मोह आवरला नाही, हेही माणसासारखंच झालं. पण जी बाई दिवसाला साठ बाटल्यांच्या गाळात डोळे घालून बसते, जिला चिलटाच्या पायावरचा केस दिसतो, तिनं आपल्या हातातल्या फळाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, आणि कळू नये म्हणूनच पाहिलं नाही. उरलेला पेरू तिनं खाल्ला होता, सिंकपाशी उभी राहून, घाईघाईनं.

मग तिनं हिशेब मांडला, कारण हिशेब तिला येत होता. चायो आली तो शनिवार धरून आज एकोणीस दिवस. त्या डागात पोसलेली अळी असेल, तर ती मातीत उतरणार, कोष करणार, या उन्हात दोन-अडीच आठवड्यांत माशी होऊन बाहेर पडणार. रस्ता ओलांडून समोरच्या झाडापर्यंत चाळीस पावलं. बसतंय. अगदी नेमकं बसतंय. पण अशी माशी कोवळी असणार. तिच्या पोटात अंडी पिकायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे पोट उघडलं आणि रिकामं निघालं, तर ती ओतिलियाची. पिकल्या अंड्यांनी भरलेलं निघालं, तर ती एकोणीस दिवसांपूर्वीपासूनच इथं कुठंतरी वावरत असलेली, दुसऱ्याच कुणाची. आणि इथं ओतिलियाचा चिमटा हवेत थांबला. कारण गणिताला दुसरं टोक होतं. कोवळी, एकटी माशी सापडली तर शेतकी खातं फक्त सापळे वाढवतं. नराशी संग झालेली, अंड्यांवर आलेली सापडली, तर शंभर मीटरच्या आतल्या प्रत्येक झाडावरचं प्रत्येक फळ उतरवतात. बेल्मार रस्त्यावरची डाळिंबं, लिंबं, संत्री, आणि समोरच्या घरातल्या वॉल्टर तोकुनागांचं ते पर्सिमन, त्यांच्या वडिलांनी लावलेलं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत टोमॅटोएवढ्या फळांच्या केशरी कंदिलांनी लगडलेलं. ओतिलिया सुटायची असेल तर झाड जाणार होतं. झाड वाचायचं असेल तर माशी तिची निघायला हवी होती. आपल्याला काय हवंय, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर येईना.

दोन वाजून एक मिनिटानं तिनं हाक मारली. “ग्लेन, इकडं ये जरा.”

तो आला, वाकला, भिंगातून पाहिलं, आणि बराच वेळ सरळ झाला नाही. “अरे देवा,” एवढंच म्हणाला. मग चिठ्ठी बघून, “हा तर तुझाच रस्ता ना, ओती?”

“हो. आणि मला एक सांगायचंय. बस आधी.”

तो बसला नाही. टेबलाला टेकून उभा राहिला. तिनं सगळं सांगितलं. मोजे, चार पेरू, डाग, पालापाचोळा. ‘मी पाहिलं नाही’ हे तिनं दोनदा सांगितलं. ग्लेननं दाढी खाजवली. तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान होता आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी माशा ओळखायला तिच्याकडूनच शिकला होता.

“पोट उघडल्यावर कळेलच,” तो म्हणाला. “परवापर्यंत थांबली असतीस तर कदाचित हे सांगायची वेळही आली नसती.”

“म्हणूनच आज सांगितलं.”

“मला हे वर लिहून कळवावं लागेल.”

“लिही. स्पेलिंग नीट लिही. मागच्या वेळी बेरूमेनचं बर्मन केलं होतंस.”

तो हसला, आणि हसताना त्याला वाईटही वाटत होतं हे तिला दिसलं. नमुना त्यानं आपल्या हातानं बंद केला, तिच्या हातात दिला नाही. तिनंही मागितला नाही. संध्याकाळपर्यंत ती बाकीच्या बाटल्या निवडत बसली आणि गंमत अशी, की तिचं मन हलकं झालं होतं. हात नेहमीसारखे चालत होते. एका ताटलीत तिला इवलासा हिरवा किडा सापडला, सोनेरी डोळ्यांचा, आणि तिनं तो कामाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ पाहिला.

घरी आली तेव्हा वॉल्टर झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर बेसबॉलची टोपी, मांडीवर सुतळीचा गुंडा. “अगं ओतिलिया,” ते रस्त्यापलीकडून ओरडले, “मोजली आज. चारशे बारा!” ती हात हलवून उभी राहिली. निकाल येईपर्यंत घरमालकांना काही सांगायचं नाही, हाही नियम होता. “दोन आठवड्यांत सोलायला घेतो. अंगठा आत्तापासूनच ठणकतोय बघ.” हे त्यांचं दरवर्षीचं. प्रत्येक फळ सोलायचं, देठाला दोरी बांधायची, गॅरेजात बांबूवर टांगायचं, आणि मग रोज, दीड महिना, एकेक फळ हलक्या हातानं दाबायचं, बाळाचे पाय चोळावेत तसं, म्हणजे आतली साखर वर येऊन पिठासारखी बसते. त्यांच्या बायकोनं, फुमीनं, हे शिकवलं होतं. फुमी गेल्याला सहा वर्षं झाली, तरी नाताळच्या आधी रस्त्यावरच्या प्रत्येक घरात वाळवलेल्या फळांची पुडी यायची. ओतिलियाच्या मनात आलं, या माणसाच्या हातांना हिवाळाभर करायला आहे ते हेच. त्याचं हेच मी काढून घेणार, किंवा मी नाही, दुसरं कुणी; पण चिमटा तर माझ्याच हातात होता.

त्या संध्याकाळी तिनं घर झाडलं, चायोला फोन केला. चायोनं आधी रडून घेतलं, मग विचारलं, “नोकरी जाईल का गं?” “माहीत नाही.” “तू सांगितलंस कशाला? मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, खाल्ले नाहीत, फेकून दिले.” “फेकला तोच तर घोटाळा आहे, चायो.” दोघी एकदम हसल्या. त्या हसण्यात त्यांची आई होती. ती अशीच, भलत्या वेळी, नाकातून हसायची. दुसऱ्या दिवशी खात्याची दोन माणसं आली आणि त्यांनी लिंबामागचा पालापाचोळा उकरला, चाळला, माती पिशव्यांत भरून नेली. ओतिलिया पायरीवर बसून बघत होती. तिला वाटलं होतं लाज वाटेल. पण त्यांतली मुलगी चाळणी ज्या पद्धतीनं हलवत होती, कोपरं अंगालगत ठेवून, ते बघून तिला इतकं बरं वाटलं की ती कॉफी करून घेऊन आली. मातीत गांडुळं निघाली, अंड्याची टरफलं निघाली, हरवलेला चमचा निघाला. कोष एकही निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी ग्लेन तिच्या टेबलाशी आला आणि या खेपेला बसला. “सॅक्रामेंटोच्या मुख्य प्रयोगशाळेचं उत्तर आलंय,” तो म्हणाला. “अंडी पिकलेली. संग झालेला. महिन्याभराची तरी असेल ती.”

“म्हणजे माझी नव्हे.”

“तुझी नव्हे. तुला लेखी समज मिळेल, पेरूंबद्दल. फायलीत राहील.”

“राहू दे.” मग तिनं विचारलं, “शंभर मीटर?”

“सोमवारपासून. आजच घरोघर नोटिसा लागतील.”

तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्या सुटण्याची चव तोंडात कडवट झाली. जेवणाच्या सुट्टीत ती मोटारीत बसून राहिली, डबा न उघडता. महिनाभर ती माशी आपल्या रस्त्यावर फिरत होती. कुणाच्या तरी डब्यातून, कुणाच्या तरी आईच्या झाडावरून आलेली. त्या माणसाला कधीच कळणार नव्हतं. ते बहुधा आपल्या परसात उभं राहून खात्याला शिव्या घालणार होतं. त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल तिला राग आला नाही. आपण त्याच्या शेजारी पंगतीला बसलो होतो, एवढंच, असं तिला वाटलं. मग तिनं डबा उघडला आणि जेवली, कारण भूक लागली होती.

सोमवारी फळं उतरवणारे आले. शिड्या, जाड काळ्या पिशव्या, दुहेरी गाठी. ओतिलियानं रजा घेतली होती. वॉल्टरच्या शेजारी ती उभी राहिली. फळं पटापट खाली येत होती, आणि केशरी रंग झाडावरून कमी कमी होत शेवटी एका फांदीवर उरला, मग तिथूनही गेला. माणसं पुढच्या घरी गेल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं, पेरूंपासून. कुणाकडून तरी ऐकण्यापेक्षा तिच्याकडून ऐकलेलं बरं.

“म्हणजे माशी तुझी असती, तर माझं झाड सुटलं असतं,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तुझी नव्हती म्हणून तू निर्दोष आणि झाडाला शिक्षा.”

“मला माफ करा, मिस्टर तोकुनागा. मी दोन दिवस ठरवू शकले नाही काय मागावं ते.”

त्यांनी टोपी काढली, टक्कल चोळलं, टोपी परत घातली. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “एक सांगू? माझ्या मुलीला सांगायचं नाही. शपथ घे.”

“घेतली.”

“मला बरं वाटलं.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“सहा वर्षं झाली गं. फुमी होती तेव्हा आम्ही दोघं बसायचो, रेडिओ असायचा, भांडणं असायची. ती गेली. पहिल्या वर्षी मी केलं, कारण नाही केलं तर लोक म्हणतील, म्हातारा खचला. दुसऱ्या वर्षी केलं, कारण पहिल्या वर्षी केलं होतं. आता सगळे डिसेंबर लागला की माझ्या दाराकडं बघतात. तूसुद्धा बघतेस.”

“बघते,” ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“झाडावर फळं लागली की सोडवत नाही. वाया घालवू कशी? वडिलांचं झाड. पण ही माणसं आली, शिडी लावली, आणि पहिली पिशवी भरली तेव्हा माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. पुढच्या वर्षी करीन. कदाचित करीनच, हात शिवशिवतील. पण यंदाचा नोव्हेंबर माझा आहे.” ते उघड्या फांद्यांकडं बघून हसले, चोरी पचलेल्या पोरासारखे. “पन्नास वर्षांत नोव्हेंबरात मी या अंगणाबाहेर एक दिवस काढलेला नाही. फळं एका दिवसाचाही खाडा खपवून घेत नाहीत. तुझं शनिवारी काय आहे?”

“कपडे धुवायचेत.”

“घाण कपडे कुठं पळून जात नाहीत. मला समुद्र दाखवून आण. मुलगी मला गाडी चालवू देत नाही.”

ओतिलिया त्यांच्याकडं बघत राहिली. सहा वर्षं ती हा माणूस रोज रस्त्यापलीकडून पाहत होती, आणि त्याच्या हातातली सुतळी तिला दिसली होती, अंगठा दिसला होता, दमणूक दिसली नव्हती. हा विचार टोचायला हवा होता. पण त्या दुपारी तो तिला सुखाचा वाटला. इतकी वर्षं रोज पाहूनही माणसात बघण्यासारखं काही उरलंय, याचं सुख. संध्याकाळी तिनं कपडे धुवायला टाकले, शनिवार मोकळा व्हावा म्हणून.

शनिवारी धुकं उशिरा विरलं. एक्केचाळीस नंबरच्या रस्त्यानं ते दक्षिणेला निघाले. दोन्ही बाजूंना पिस्त्याच्या रांगा, पानं पिवळी पडलेली. वॉल्टर अखंड बोलत होते – फुमीच्या भावाबद्दल, ज्यानं एकदा होडी विकत घेतली आणि पोहायला येत नाही हे नंतर बायकोला सांगितलं. शहर संपून बराच वेळ झाला आणि रस्त्याच्या कडेला नवा कोरा फलक आला : फळमाशी निर्बंध क्षेत्र येथे संपते, घरची फळे पुढे नेऊ नका.

“थांबव, थांबव,” वॉल्टर म्हणाले. “झडती घे माझी.”

“अहो, काहीतरीच काय.”

“नको, नीट घे. मी संशयित रस्त्यावरचा माणूस आहे.” त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकात रुमाल, एकात टूथपिक.

तिनं हसत गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागच्या सीटवर त्यांची पिशवी होती. ती उघडून तिनं डबा काढला. समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे चार गोळे. एक उचलून तिनं मधोमध मोडला. आत लालसर, सुरकुतलेलं काहीतरी होतं.

“हे काय?”

“उमे. खारवलेलं आलुबुखार. फुमीच्या हातचं शेवटचं. आठ वर्षं मिठात आहे. त्यात अळी निघाली तर मी तिला सलाम ठोकीन.”

ओतिलियानं चष्मा कपाळावर सारला आणि तो अर्धा गोळा डोळ्यांजवळ आणला, अगदी जवळ, टेबलावर आणते तितका. बोटानं गर बाजूला केला. बीपर्यंत पाहिलं, बीच्या खाली पाहिलं. वॉल्टर गंभीर चेहरा करून वाट बघत होते. शेजारून एक ट्रक गेला आणि गाडी हलकेच डोलली.

“चालेल,” ती म्हणाली, आणि तो अर्धा गोळा तिनं स्वतःच तोंडात टाकला. इतका आंबट, इतका खारट, की तिचा एक डोळा आपोआप मिटला आणि उघडेचना. वॉल्टर खिडकीला डोकं टेकवून हसत सुटले. उरलेल्या एका डोळ्यानं आरशात मागचा रस्ता बघत तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.